मानसशास्त्र हे विज्ञान आहे का, आणि आपला विचार कुठे घसरतो? विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला मानसशास्त्र निवडलेली मुलं, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आणि कधीकधी त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. तीन आकड्यांच्या खेळाचा प्रश्न येईल तेव्हा शक्य असेल तर शेजारी कुणाला तरी बसवा आणि उत्तर वाचण्याआधी खेळून बघा. वाचून कळण्यापेक्षा फसून कळलेलं जास्त टिकतं.

मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

नाही. सहीवरून स्वभाव, आवडत्या रंगावरून व्यक्तिमत्त्व, नाकाला हात लावला म्हणजे माणूस खोटं बोलतोय, अशा व्हिडिओंना मोबाइलवर तोटा नाही. त्यांचा या विषयाशी संबंध नावापुरताच आहे. मनाबद्दल कुणी एखादं विधान केलं तर ते खरं की खोटं हे तपासायचं कसं, हे मानसशास्त्र शिकवतं. सुरुवातीला हे थोडं कोरडं वाटतं. पण एकदा तपासायची सवय लागली की पेपरातली बातमी वाचणंसुद्धा बदलून जातं.

मन दिसत नाही, मोजता येत नाही. मग हे विज्ञान कसं?

मन दिसत नाही हे खरं. पण मनाच्या कामाचे परिणाम दिसतात आणि ते मोजता येतात : उत्तर द्यायला किती वेळ लागला, किती शब्द आठवले, कोणता पर्याय निवडला, किती वेळा चुकलं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून या विषयाचा वेगळा प्रवास मोजला जातो. हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला वुंट यांच्याच एका शिष्याच्या, म्हणजे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आले होते.

मात्र प्रयोगशाळा असली म्हणून कुठलाही विषय विज्ञान होत नाही. आपलं म्हणणं चुकीचं ठरू शकेल अशी संधी आपण त्याला देतो का, हा खरा प्रश्न आहे. यासाठी मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एका घोड्याचं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गाजत होता. त्याचे मालक फॉन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक. गणित विचारलं की हान्स खुराने तितके ठोके द्यायचा, आणि उत्तर बरोबर यायचं. मालक लबाडी करत नव्हते. त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्या कुणी विचारलं तरी घोडा बरोबर सांगायचा. जाणकारांच्या समितीलाही काही फसवणूक सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने एकच गोष्ट बदलून पाहिली : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? घोडा चुकायला लागला. विचारणारा घोड्याला दिसत नसेल तर? पुन्हा चुकला. ठोके बरोबर आकड्यापाशी आले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर जायचं आणि हान्स थांबायचा. गणित माणूस करत होता आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

आजही औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि साधी कुणाला हे रुग्णापासून आणि डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात, त्यामागे हीच भीती असते. आपली अपेक्षा निकालात झिरपते. मानसशास्त्रातल्या बहुतेक पद्धती ही गळती बंद करण्यासाठीच जन्माला आल्या आहेत.

पण यातलं बरंचसं तर आमच्या आजीलाही माहीत होतं. त्यासाठी प्रयोग कशाला?

आजीला बरंच माहीत असतं. अडचण अशी की तिच्याकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी असतात. सगळीकडे माणसं सारखीच निघाली तर ‘पळसाला पाने तीनच’, वेगळी निघाली तर ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’. निकाल कळल्यावर त्यातली बरोबर म्हण आपोआप आठवते आणि वाटतं, हे तर ठाऊकच होतं. सामना हरल्यावर ‘नाणेफेक जिंकून फलंदाजी घ्यायलाच नको होती’ असं सांगणारे घरोघरी असतात. सकाळी ते काय म्हणाले होते, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. याला पश्चातदृष्टीचा बायस म्हणतात. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली त्यावर प्रयोग केले : घटनेचा शेवट सांगितला की लोकांना तो शेवट आधीपासूनच संभाव्य वाटायला लागतो, आणि हा बदल शेवट कळल्यामुळे झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

आता एक प्रश्न घ्या. परीक्षेसाठी धडा पुन्हा पुन्हा वाचावा, की एकदा वाचून पुस्तक मिटावं आणि आठवेल ते लिहून काढावं? मनात उत्तर ठरवा आणि मगच पुढे वाचा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटला की आपल्याला येतं असं वाटतं. हे घरबसल्या कळलं नसतं. मोजलं म्हणून कळलं. तुमच्या अभ्यासासाठी या पानावरची सर्वांत उपयोगी गोष्टही बहुधा हीच आहे.

बायस म्हणजे पूर्वग्रहदूषित असणं का? मी कुणाबद्दल वाईट विचार करत नाही.

इथे बायस हा स्वभावदोष नाही. विचार करताना ठरावीक दिशेने, पुन्हा पुन्हा आणि बहुतेकांकडून होणारी चूक, एवढाच त्याचा अर्थ. कधी इकडे कधी तिकडे झालेली चूक सरासरीत पुसली जाते, एकाच बाजूला झुकणारी चूक साचत जाते.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याची मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं : अनिश्चिततेत निर्णय घेताना आपण सोप्या आडवाटा वापरतो, बहुतेक वेळा त्या चालून जातात, पण त्या कुठे चुकवतात तेही ठरलेलं असतं. त्यांनी एक चक्र फिरवलं, जे गुपचूप १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्राचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरीही १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं, ६५ पाहिलेल्यांचं ४५. दुकानात ‘मूळ किंमत’ खोडून खाली सवलतीची किंमत लिहितात ती याच जोरावर. पहिला आकडा नांगरासारखा रुततो आणि आपला अंदाज त्याच्या आसपासच घुटमळतो. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

तीन आकड्यांचा खेळ कसा खेळायचा?

पीटर वॅसन यांनी हा प्रयोग लंडनमध्ये केला आणि १९६० साली प्रसिद्ध केला. साहित्य काही लागत नाही. एक जण मनात नियम धरतो आणि सांगतो : ‘२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या नियमात बसतात. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सांगा, मी ते बसतात की नाही सांगेन. नियमाची पक्की खात्री झाली की मगच नियम सांगा.’

वर्गात हे जवळजवळ नेहमी असंच चालतं. पहिला हात वर होतो.

‘८, १०, १२?’
‘बसतं.’
‘२०, २२, २४?’
‘बसतं.’
‘१००, १०२, १०४?’
‘बसतं.’
‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे!’
‘नाही.’

वर्गात चुळबुळ. मग कुणी तरी ‘१, ३, ५’ विचारतं. बसतं. आता नियम ‘दोन-दोनने वाढणारे कोणतेही आकडे’ होतो. तोही चूक. मग ‘५, १०, १५’ येतं, ‘मधला आकडा बाकीच्या दोघांची सरासरी’ येतं, नियम अधिकाधिक गुंतागुंतीचे होत जातात. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, ‘६, ४, २?’ आणि खेळात पहिल्यांदा उत्तर येतं, ‘बसत नाही.’

नियम इतकाच होता : चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे. ३, १७, ९०० सुद्धा.

वॅसन यांच्या मूळ प्रयोगात २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी आधी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर दिलं. बाकीचे कमी हुशार होते असं नाही. प्रत्येकाने आपल्या मनातल्या नियमाला ‘हो’ मिळेल असेच आकडे विचारले. ‘१००, १०२, १०४’ला मिळालेल्या ‘हो’ने काहीच नवीन कळत नाही, कारण ते दहा वेगवेगळ्या नियमांत बसतं. ‘६, ४, २’ला मिळालेल्या एका ‘नाही’ने मात्र खूप काही कळतं. आपल्या समजुतीला दुजोरा देणारं तेवढं शोधायचं आणि तोच पुरावा मानायचा, या सवयीला कन्फर्मेशन बायस म्हणतात.

खेळ संपल्यावर वर्गाला एक प्रश्न जरूर विचारा : ‘नाही’ ऐकू येईल असा प्रश्न तुम्ही स्वतःच्या एखाद्या ठाम मताबद्दल शेवटचा कधी विचारला होता?

माझी पत्रिका तंतोतंत जुळते. त्याचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण विचारणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. त्याला खरंच जुळल्यासारखं वाटलेलं असतं. यात दोन वेगळे प्रश्न आहेत : ‘जुळतं असं वाटतं का?’ आणि ‘जुळतं का?’

पहिल्याचं उत्तर बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या वर्गात शोधलं. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. ते किती लागू पडतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांच्या हातात एकच वर्णन होतं आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘इतरांनी तुम्हाला पसंत करावं अशी तुमची इच्छा असते’, ‘कधीकधी आपण घेतलेला निर्णय बरोबर होता का अशी शंका तुम्हाला छळते’, या धाटणीची ती वाक्यं. अशी वाक्यं कुणाला लागू पडणार नाहीत? वाचताना आपण आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग त्यात भरतो आणि श्रेय वाक्याला देतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी एक चाचणी आपल्याच राज्यात झाली, आणि मला वाटतं ती प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असावी. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह २००८ साली ती पार पाडली. कार्यकर्त्यांनी शाळांमधून २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या : १०० अभ्यासात चमकलेली मुलं, १०० विशेष शाळांमधली मतिमंद मुलं. त्यांच्या पत्रिका मांडल्या, एकत्र मिसळल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकी ४० पत्रिका बघून कोणती कोणाची ते सांगा. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली.

आता या आखणीतला बारकावा बघा. नुसतं नाणं उडवलं तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर येणार. मग किती बरोबर आल्यावर ‘यात काही तरी आहे’ म्हणायचं? २८. केवळ योगायोगाने २८ किंवा जास्त येण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. रेषा आधी आखायची आणि मग निकाल उघडायचा, हा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे.

सर्वांत चांगला निकाल २४ आला. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या, म्हणजे ५१ टक्के. नाण्याने जे केलं असतं तेच.

ही चाचणी मला आवडते ती निकालापेक्षा तिच्या सरळपणामुळे. कुणाची टिंगल नाही, टीव्हीवरची वादावादी नाही. ज्योतिषांना त्यांच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर देण्याची पूर्ण मुभा होती आणि ते जिंकू शकतील अशी रेषा आधीच जाहीर होती. ४० पैकी २८ आले असते तर नारळीकरांना ते मान्य करावं लागलं असतं. विज्ञान म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतं.

नवस फळतो असं सांगणारी इतकी माणसं असतात, ती सगळी खोटं बोलतात का?

नाही, ती खरंच सांगतात. फक्त मोजणी अर्धी असते. काम झालं तो नवस फेडायला येतो, रांगेत उभा राहतो, चार जणांना सांगतो. नवस करूनही काम न झालेला येत नाही, आणि नवस न करता काम झालेला तर कुणाच्या मोजणीतच नसतो. चारही गट मोजल्याशिवाय एका गोष्टीमुळे दुसरी घडली असं म्हणता येत नाही.

स्पर्धा परीक्षेतल्या टॉपरच्या मुलाखतींचंही तेच. ‘मी रोज पहाटे चारला उठायचो’ हे ऐकताना, पहाटे चारला उठूनही यादीत न आलेली मुलं डोळ्यांसमोर आणा. त्यांची मुलाखत कुणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ एब्रहॅम वॉल्ड यांनी अमेरिकी विमानांच्या बाबतीत हाच विचार मांडला होता : परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा जिथे दिसतात, तिथे गोळी लागूनही विमान परत येऊ शकतं. जिथे खुणा दिसत नाहीत, तिथे मार बसलेली विमानं परतलीच नसावीत.

चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे आजार नक्की, बरोबर ना?

आजार मुळात किती जणांना असतो यावर ते अवलंबून आहे, आणि नेमका हाच आकडा आपण विसरतो. टक्केवारीत हा हिशेब डोक्यावरून जातो, म्हणून माणसं मोजून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत.

१००० लोक. त्यांतल्या १० जणांना आजार आहे. चाचणी आजारी असलेल्या १० पैकी ९ जणांना पकडते. निरोगी लोकांपैकी दर १०० मध्ये ९ जणांना ती चुकून आजारी दाखवते. निरोगी आहेत ९९०, म्हणजे सुमारे ८९ जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह झाले ९ अधिक ८९, म्हणजे ९८. त्यातले खरे आजारी ९. दहातला एकही धड नाही.

म्हणून चाचणी टाकाऊ ठरत नाही. लक्षणं असलेल्या माणसात मूळ शक्यताच जास्त असते, तिथे तीच चाचणी कितीतरी भरवशाची होते. शंका आल्यास डॉक्टर दुसरी, वेगळी चाचणी सांगतात त्यामागे हा हिशेब असतो. टक्क्यांऐवजी माणसं मोजली की हे गणित लोकांना पटकन सुटतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी दाखवलं. कानेमन आणि ट्वर्स्की यांच्याशी त्यांचा मोठा वाद होता. त्यांच्या मते माणूस दिसतो तितका अविचारी नाही, माहिती त्याच्यापुढे वाईट पद्धतीने ठेवली जाते. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू वाचाव्यात.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ते तरी खरं ना?

पाहिलं असेल. पण आठवण हे रेकॉर्डिंग नाही, आठवताना आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना त्याच प्रश्नात ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद घातलं. एका आठवड्याने सगळ्यांना विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटलं, साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. एका शब्दाने काच फोडली. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा याचा विचार पोलिसांनी आणि वकिलांनी गांभीर्याने करायला हवा, तो यामुळेच.

दोन वर्षं एका शाखेत घालवलीत, आता सोडली तर ती वाया जातील ना?

ती दोन वर्षं दोन्ही वाटांवर गेलेलीच आहेत. प्रश्न फक्त पुढच्या वर्षांचा आहे. गेलेले पैसे आणि वेळ पुढच्या निर्णयात ओढून आणणं याला संक कॉस्टची चूक म्हणतात. घरच्यांशी बोलताना ‘आज नव्याने निवडायचं असतं तर काय निवडलं असतं?’ असा प्रश्न मांडून बघा. उत्तर ‘हीच शाखा’ असंही येऊ शकतं, आणि मग ती मनापासून पुरी करा.

हे प्रयोग अमेरिकेत आणि युरोपात झालेत. आपल्याला लागू पडतात का?

फार योग्य शंका आहे. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हीच तक्रार जोरात मांडली : मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतले सुमारे ९६ टक्के सहभागी अशा पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, जिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यातही पुष्कळसे कॉलेजचे विद्यार्थी.

फरक कुठे पडतो याचं एक सुंदर काम म्हैसूरमध्ये झालेलं आहे. दुसऱ्याने काही वाईट केलं की ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणायचं आणि त्याची परिस्थिती विसरायची, ही माणसाची मूलभूत चूक आहे असं पाश्चात्त्य संशोधक मानत होते. जोन मिलर यांनी अमेरिकेतले आणि म्हैसूरमधले लोक तपासले आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. लहान मुलांमध्ये दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढेल तसे अमेरिकी लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवू लागले आणि म्हैसूरचे लोक परिस्थितीकडे, नात्यांकडे. ज्याला ‘मूलभूत’ म्हटलं जात होतं त्यातला मोठा भाग संस्कारातून आलेला निघाला. असं काम मराठी मुलांबरोबर, मराठीतून, शहरात आणि खेड्यात व्हायला हवं. ते तुमच्यापैकीच कुणी तरी करेल अशी माझी खरोखर आशा आहे.

बरेच प्रसिद्ध प्रयोग पुन्हा केल्यावर फसले असं वाचलं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

वाचलंत ते खरं आहे. २०१५ साली ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने अनेक संशोधकांनी मिळून आधी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निकाल होता, पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला. छाती पुढे काढून उभं राहिल्याने हार्मोन बदलतात हा दावा टिकला नाही. समोर ठेवलेल्या मार्शमॅलोचा, म्हणजे एका गोड खाऊचा, मोह आवरणारं मूल पुढे यशस्वी होतं, हा निष्कर्ष २०१८ च्या मोठ्या अभ्यासात बराच पातळ झाला, विशेषतः घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर. आणि ‘मी बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ या प्रकारांप्रमाणे शिकवल्यास फायदा होतो याला २००८ च्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही, तरी ते शिक्षक प्रशिक्षणात अजून ऐकू येतं.

याउलट काही गोष्टी पुन्हा पुन्हा करूनही भक्कम उभ्या आहेत. वर सांगितलेला आठवून लिहिण्याचा फायदा, अभ्यास दिवसांमध्ये विभागून करण्याचा फायदा, अंदाजावर पहिल्या आकड्याचा परिणाम, रंगाचं नाव वेगळ्याच रंगात छापलं की रंग ओळखायला लागणारा उशीर. आता अनेक संशोधक आपण काय तपासणार आणि कसं, हे आकडे गोळा करण्याआधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर सोयीचा निकाल निवडता येत नाही. या सगळ्या चुका मानसशास्त्रज्ञांनीच शोधल्या आणि स्वतःच्या नियतकालिकांत छापल्या. माझा विश्वास त्यामुळे वाढला. तुम्ही मात्र ‘एका संशोधनानुसार’ अशी सुरुवात दिसली की विचारा : किती लोकांवर? पुन्हा कुणी केलं का?

बायस माहीत झाले की ते टळतात का?

दुर्दैवाने नाही, निदान आपोआप तरी नाही. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की लोकांना बायसची वर्णनं वाचायला दिली तर ते ‘सरासरी माणसात हे असतं, माझ्यात कमी’ असं म्हणतात. पुढच्या अभ्यासात हुशार लोकही याला अपवाद नव्हते. यादी पाठ झालेला विद्यार्थी ती भावावर, शेजाऱ्यावर आणि विरोधी पक्षाच्या समर्थकांवर वापरायला लागतो. ही मला या विषयाच्या शिकवण्यातली सर्वांत मोठी काळजी वाटते.

थोडंफार काम करतं ते असं. १९८४ च्या एका अभ्यासात लोकांना नुसतं ‘निःपक्षपाती राहा’ सांगितलं, काही फरक पडला नाही. ‘याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा आला असता, तर तुम्ही तो इतक्याच सहज मान्य केला असता का?’ असं विचारायला सांगितलं, तेव्हा फरक पडला. दुसरं, अंदाज आधी तारखेसह लिहून ठेवा. निवडणूक, सामना, स्वतःचे परीक्षेतले गुण, काहीही. तिसरं, तुमच्याशी न पटणारं पण प्रामाणिक असं एक माणूस जवळ असू द्या. एकट्याच्या डोक्याने हे जमणं अवघड आहे. म्हणून तर विज्ञानात एकाचं काम दुसरा तपासतो.

मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यात फरक काय? अकरावीला विषय घ्यावा का?

मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, ते औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रातून येतात. त्यांना रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. चार दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनंतर स्वतःला थेरपिस्ट म्हणवणाऱ्यांपासून जपा.

विषय जरूर घ्या, पण आकड्यांची भीती असेल म्हणून घेऊ नका. पुढे संख्याशास्त्र येतंच, आणि ते आलं नाही तर या पानावरचं निम्मं तपासता येणार नाही.

मी मानसशास्त्र शिकतोय, म्हणून मित्र त्याच्या अडचणी मलाच सांगतो. मी काय करू?

ऐका. मध्ये न बोलता, उपदेश न करता ऐका, हे कुठल्याही मित्राला जमतं. निदान करू नका, पुस्तकातली नावं त्याला चिकटवू नका. झोप, जेवण, कॉलेज सगळंच बिघडलं असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलत असेल, तर गुपित राखण्यापेक्षा मदत मिळवणं महत्त्वाचं. घरातल्या किंवा कॉलेजातल्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा आणि त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो फोन करायला कचरत असेल तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच नंबर लावून द्या.